संगणक चालू, ओगले चालू

संगणक नवा असतो तेव्हा त्याचं कौतुक होतं, जुना झाला की त्याला मान मिळतो आणि फारच जुना झाला की त्याच्यासाठी समिती नेमावी लागते. माणसांचंही साधारण असंच असतं. फक्त समितीपर्यंत फार थोडे पोचतात. शनिवार पेठेतले दीनानाथ ओगले पोचले. ते तिथे कसे पोचले आणि तिथून कसे सुटले, त्याची ही हकिकत. हिच्यातला एकही शब्द खोटा नाही. जे खोटे वाटतील ते कार्यकारिणीच्या इतिवृत्तातून जसेच्या तसे घेतलेले आहेत.

ज्ञानझरा सार्वजनिक वाचनालय शनिवार पेठेत एका जिन्यावर आहे. जिना अरुंद असल्यामुळे वर जाणाऱ्याने आधी हाक द्यायची आणि खाली येणाऱ्याने ओ द्यायची, अशी पद्धत आहे. वर गेल्यावर देवघेवीच्या टेबलाशी ज्या बाई बसतात त्यांचं नाव कादंबरी. (नवा सभासद विचारतो, "एखादी चांगली कादंबरी आहे का?" बाई मान वर न करता म्हणतात, "एकच आहे. ती बोलतेय. पुढे बोला.") त्यांच्या उजव्या हाताला, रेशमी आच्छादनाखाली, वाचनालयाचा संगणक आहे. आच्छादन ओगल्यांच्या पत्नी सुनीतीबाई यांच्या लग्नातल्या शालूचं आहे. ते त्यांना विचारून घेतलं होतं, असं ओगले म्हणतात.

हा संगणक १९९३ सालचा. काळा पडदा, हिरवी अक्षरं आणि आत दळण चालल्यासारखा आवाज. त्यावरचा सगळा प्रोग्रॅम ओगल्यांनी हौसेने लिहिला. त्या काळी पेठेत संगणक कळणारे ते एकटेच होते. (आणखी एक होते, पण ते सदाशिव पेठेत राहत.) दर खंडेनवमीला संगणकाला हार घालतात, हळदकुंकू वाहतात. फ्लॉपीच्या खाचेत इतक्या वर्षांचं कुंकू साठलं आहे, की तिथे आता फ्लॉपी जात नाही, नुसता नमस्कार जातो. वीज गेली की संगणक रुसतो आणि मग त्याच्या डाव्या गालावर ओगल्यांनी एक थप्पड मारली की सुरू होतो. थप्पड ओगल्यांचीच लागते. एकदा ओगले नसताना वाचनालयाचे कार्यवाह रंगराव यांनी मारून पाहिली, तर प्रिंटर सुरू झाला आणि संध्याकाळपर्यंत थांबेना.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. तेवढ्यात आली निकिता.

निकिता मूळची अमरावतीची, राहायला धायरीला, नोकरी एका आयटी कंपनीत. कंपनीने प्रत्येकाला वर्षातले काही तास समाजसेवा नेमून दिली होती. बाकीच्यांनी टेकडीवरची झाडं आधीच पटकावली, म्हणून निकिताच्या वाट्याला वाचनालय आलं. तिने आच्छादन उचलून संगणक पाहिला, परत झाकला आणि हळूच विचारलं, "तुमचा डिझास्टर रिकव्हरी प्लॅन काय आहे?"

रंगराव निवृत्त मुख्याध्यापक, शिवाय हौशी नाटकवाले. ते म्हणाले, "प्लॅन नाही. पण करू. आधी त्याला मराठी नाव हवं."

नावावर अख्खा पावसाळा गेला. 'पुनरुज्जीवन', 'पुनरुत्थान' आणि 'पुनर्स्थापना' असे तीन गट पडले, दोन सदस्यांचं बोलणं बंद झालं, आणि शेवटी 'आपत्ती-पुनरुत्थान आराखडा' हे नाव मंजूर झालं. (पुनर्स्थापनावाले अजून निषेध म्हणून उभ्यानेच पेपर वाचतात.) आराखडा जाडजूड झाला. नमुन्यादाखल:

भूकंप : सर्वांनी जिन्याने खाली यावे. हाक व ओ देण्याची पद्धत भूकंपातही पाळावी.

मुठेला पूर : संगणक वरच्या मजल्यावर न्यावा. (वरचा मजला नाही. त्याबाबत पोटसमिती विचार करीत आहे.)

उल्कापात : उल्का जागची हलवू नये. संदर्भ विभागात नोंद करावी. घरी देऊ नये.

परकीय आक्रमण : देवघेव पूर्ववत चालू राहील. आक्रमकांना दोन जुन्या सभासदांची शिफारस लागेल.

वीज जाणे, उंदरांनी वायर कुरतडणे आणि चहाची किटली लावायला कोणीतरी संगणकाची पिन काढणे, या गोष्टी यादीत नव्हत्या. त्या दर आठवड्याला होतच होत्या, त्यामुळे त्यांना आपत्ती म्हणणं कार्यकारिणीला प्रशस्त वाटेना.

सगळंच नष्ट झालं तर पर्यायी जागा म्हणून धायरीतला, रंगरावांच्या मेहुण्याचा गाळा ठरला. तिथे पिठाची गिरणी आहे. आवाज सारखाच असल्यामुळे संगणकाला परकं वाटणार नाही, असा अभिप्राय तज्ज्ञ म्हणून मेहुण्यानेच दिला. आपत्तीनंतर दोन तासांत देवघेव पुन्हा सुरू होईल, अशी हमीही आराखड्यात होती. (सिंहगड रस्त्याने धायरीला पोचायला लागणारा वेळ यात धरलेला नाही. तो दैवाधीन आहे.)

निकिताने आराखडा वाचला आणि तिच्या लक्षात एक गोष्ट आली. भूकंप असो की उल्का, प्रत्येक कलमाचं शेवटचं वाक्य एकच होतं : 'तदनंतर श्री. दीनानाथ ओगले यांना बोलावून थप्पड मारून घ्यावी.' (कोणाला, हे स्पष्ट नसल्यामुळे पुढे शुद्धिपत्रक काढावं लागलं.)

ती तडक ओगल्यांच्या घरी गेली.

"काका, तुमचं वय काय?"

"अठ्ठ्याहत्तर. का? स्थळ आणलंयस?"

"सगळा प्लॅन तुमच्यावर उभा आहे. तुम्ही सिंगल पॉइंट ऑफ फेल्युअर आहात."

आतून सुनीतीबाई पदराला हात पुसत आल्या. "एवढं शिकल्यावर कळतं होय हे? मला लग्नानंतर पंधरा दिवसांत कळलं होतं."

ओगल्यांना मात्र बरं वाटलं. नोकरी संपल्यापासून त्यांच्यावर काहीच उभं नव्हतं. शिंकाळंसुद्धा सुनीतीबाई स्टुलावर चढून स्वतःच काढत. आणि इथे अख्खं वाचनालय! त्यांनी निकिताला चहा पाजला, लाडू दिला, थप्पड कशी मारायची ते उशीवर करून दाखवलं.

पुढच्याच बैठकीत ठराव झाला. 'श्री. दीनानाथ ओगले हे संस्थेची अत्यावश्यक सामग्री असल्याने त्यांचे जतन करण्यात यावे.' जतन म्हणजे काय, तेही ठरलं. त्यांनी स्कूटर चालवू नये. मिसळ खाऊ नये, विशेषतः जादा तर्री घेऊन. पेठेची हद्द ओलांडू नये. रोज सकाळी आठला वाचनालयाला मिस्ड कॉल द्यावा. कॉल न आल्यास ती आपत्ती समजण्यात येईल. सिंहगडावर जाऊ नये.

बाकी सगळं ओगल्यांनी मुकाट्याने ऐकलं. शेवटच्या वाक्याला ते उठून उभे राहिले.

"सिंहगडावर नाही म्हणजे?"

"म्हणजे नाही," रंगराव म्हणाले.

आता हे नीट समजून घेतलं पाहिजे. ओगल्यांचा आठवडा रविवारी सुरू होई आणि रविवारीच संपे. मधले दिवस नुसते चढण होते. रविवारी पहाटे ते आणि त्यांचे मित्र श्रीधर सिंहगड पायी चढत आणि वर यमुनाबाईंच्या टोपलीशी बसून मडक्यातलं दही खात. दही खाताना ओगले कोणाशी बोलत नसत. सुनीतीबाई म्हणत, "माझ्या हातचं श्रीखंड खाताना हा माणूस पेपर वाचतो, आणि त्या बाईच्या दह्यासमोर डोळे मिटतो." असं ते दही.

ते बंद झालं.

वाचनालयाच्या दारातल्या फळ्यावर कादंबरीताई रोज खडूने लिहू लागल्या : 'संगणक : चालू. ओगले : चालू.' येणारा जाणारा ते वाचून आत येई. एकदा मिस्ड कॉलला उशीर झाला, तर त्यांनी 'ओगले' पुढे 'दुरुस्तीसाठी बंद' असं लिहिलं आणि चौघेजण फुलं घेऊन घरी आले. ओगले आंघोळीला गेले होते.

श्रीधर दर रविवारी गडावरून दह्याचा फोटो पाठवत. खाली लिहीत : 'तुझी आठवण काढली. दोन मिनिटं. मग दुसरं मडकं घेतलं.'

ओगल्यांनी सुटायचा प्रयत्न केला नाही असं नाही. आपल्याला येतं ते सगळं त्यांनी एका कागदावर लिहून दिलं, म्हणजे दुसरा कोणीही ते करू शकेल. रंगरावांनी त्यातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल शाईने काढून तो परत पाठवला. दुसऱ्यांदा तो 'थप्पड' हा शब्द ग्रांथिक नाही म्हणून परत आला. तिसऱ्यांदा ओगल्यांनी 'कपोलताडन' लिहिलं, तेव्हा मसुदा मंजूर झाला, पण तोवर तो कोणालाच कळेना.

शेवटी सगळे ओगल्यांच्या घरी जमले असताना निकिताच म्हणाली, "काका घरात बसून वाळून राहिले. एक ड्रिल करू या. समजू की काका नाहीत. मग बघू आपलं चालतं का. चाललं तर काका मोकळे."

"नाहीत म्हणजे? गावाला गेलेत?" रंगरावांनी विचारलं.

"नाही, म्हणजे... नाहीतच."

सुनीतीबाई म्हणाल्या, "अभद्र बोलू नये गं." ओगले म्हणाले, "बोलू दे. मी नसायला तयार आहे."

रंगरावांचे डोळे चमकले. ड्रिलला मराठीत रंगीत तालीम म्हणतात हे त्यांना सांगावं लागत नव्हतं, आणि रंगीत तालीम म्हटल्यावर ती अर्धवट करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. शनिवारी सकाळी वाचनालयात ओगल्यांचा फोटो लागला. हार, उदबत्ती, सतरंजी. फळ्यावर 'संगणक : चालू. ओगले : होते.' स्वतः ओगले निरीक्षक म्हणून मागच्या रांगेत बसले. रंगरावांनी तासभर भाषण केलं. ओगल्यांच्या निधनाने पोकळी निर्माण झाली, ते शब्दाचे पक्के होते, ते नेहमी 'सदतीस'ला 'सडतीस' म्हणत, पण त्यांचा हेतू शुद्ध होता.

"मी सडतीस कधीच म्हणत नाही," ओगले मागून म्हणाले.

"दिवंगतांनी कृपया मध्ये बोलू नये," रंगराव म्हणाले आणि दोन मिनिटं शांतता पाळली गेली.

मग मुख्य भाग. ओगले नाहीत, हे संगणकालाही कळायला हवं, नाहीतर तालीम कसली? प्रोग्रॅममध्ये प्रत्येक सभासदाच्या नावाआधी चि., कु., श्री., सौ., श्रीमती यांपैकी काहीतरी असे, आणि सरतेशेवटी कै. कादंबरीताईंनी ओगल्यांचं नाव काढलं, 'कै.' निवडलं. पडद्यावर हिरवा प्रश्न उमटला :

'कै. करायचे : सदर की सर्व? (स दाबा)'

कादंबरीताईंनी स दाबला. संगणक दळू लागला. नेहमीपेक्षा बराच जास्त वेळ दळत राहिला. "दुःख झालं असेल बिचाऱ्याला," कोणीतरी म्हणालं. मग प्रिंटरमधून ओगल्यांच्या वारसांच्या नावे एक कागद आला : कैलासवासी यांच्याकडे 'सुलभ योगासने' हे पुस्तक आहे, ते परत करावे.

पुढे त्या दिवशी वीज गेली नाही, पिन कोणी काढली नाही, त्यामुळे थप्पड लागली नाही आणि तालीम यशस्वी झाली. अहवालात नोंद आहे : 'संगणकाची हानी : नाही. मनुष्यहानी : एक (गृहीत).'

"आता मला परत श्री. करा," ओगले म्हणाले, "म्हणजे मी गडावर जायला मोकळा."

कादंबरीताईंनी 'श्री.' निवडलं. पडद्यावर अक्षरं आली :

'कै. चे श्री. होत नाही. – दी. ओ.'

सगळे ओगल्यांकडे वळले.

"तेव्हा मला ते बरोबर वाटलं होतं," ओगले म्हणाले.

"बरोबरच आहे," रंगराव गंभीरपणे म्हणाले. "तर्काला धरून आहे."

ओगल्यांनी पुढे होऊन आपला स्वतःचा खास पासवर्ड टाकला. (तो 'दही' होता.) पडदा म्हणाला : 'सदर सभासद दिवंगत आहेत. दुसरे कोणी असल्यास पुढे यावे.' दुसरं कोणी नव्हतं. तेच तर सगळ्या भानगडीचं मूळ होतं.

"काका, प्रोग्रॅमच बदलून टाका ना," निकिता म्हणाली.

"तो फ्लॉपीवर आहे."

"आणि बॅकअप?"

"त्याच फ्लॉपीवर."

"फ्लॉपी कुठे आहे?"

ओगल्यांनी कुंकवाने भरलेल्या खाचेकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. कादंबरीताईंनी सवयीने हात जोडले.

त्या रात्री सुनीतीबाईंनी नवऱ्याला विचारलं, "अहो, आता माझ्या नावाआधीच्या 'सौ.'चं काय करायचं?" ओगले छताकडे बघत पडले होते. थोड्या वेळाने अंधारात त्यांचं हसू ऐकू आलं.

रविवारी पहाटे त्यांनी रंगरावांना फोन लावला. "रंगराव, ठरावात काय लिहिलंय? 'श्री. दीनानाथ ओगले यांनी सिंहगडावर जाऊ नये', बरोबर?"

"बरोबर."

"कै. ओगल्यांनी जाऊ नये, असं कुठे लिहिलंय?"

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. रंगराव नियमाचा माणूस. "नाही," ते म्हणाले. "कैलासवासींच्या फिरण्यावर संस्थेचं बंधन नाही." आणि फोन ठेवायच्या आधी म्हणाले, "जपून जा."

ओगले स्कूटर घेऊन पायथ्याला गेले. वाटेत मिसळ खाल्ली, वरून तर्री मागून घेतली. मग श्रीधरबरोबर दम खात गड चढले. वर यमुनाबाई टोपली मांडून बसल्या होत्या.

"अप्पा, लई दिस दिसला न्हाई. कुठं व्हता?"

"मेलो होतो."

"आस्सं व्हय," यमुनाबाईंनी टोपलीवरचं फडकं बाजूला केलं. "मग आज दोन देऊ?"

ओगल्यांनी डोळे मिटले.

इथे खरं तर हकिकत संपायला हवी. पण वाचनालयाची वार्षिक सभा जवळ आली होती, म्हणून सोमवारी संगणकावरून सभेची पाकिटं छापली गेली, आणि तेव्हा कळलं की 'सदर' आणि 'सर्व' या दोन्हींसाठी ओगल्यांनी त्या काळी 'स' हेच एक बटण ठेवलं होतं, आणि संगणकाने आपल्या बुद्धीप्रमाणे 'सर्व' धरलं होतं. वाचनालयाचे झाडून सगळे सभासद कैलासवासी झाले होते. पाकिटं तशीच गेली. तक्रारी दोन आल्या. एका गृहस्थांनी कळवलं की 'कै.' नंतर टिंब नीट उमटलेलं नाही. दुसरी रंगरावांची स्वतःची होती : नावापुढे 'कार्यवाह' लिहायचं राहिलं आहे. सभेला उपस्थिती दरवर्षीइतकीच होती.

कारभाराला काही बाधा आली नाही. दिवंगत सभासद पुस्तकं नेतात, पानांच्या कडेला शेरे मारतात, उशिरा परत करतात; फरक दाखवून देणं कठीण आहे. अडचण एवढीच, की संगणक 'दुसरे कोणी असल्यास पुढे यावे' म्हणून वाट पाहत बसला आहे आणि यादीवर पुढे यायला कोणी जिवंत उरलेलं नाही. निकिताचे समाजसेवेचे तास संपले. पुढच्या खेपेला तिने झाडच मागून घेतलं. ओगले सोमवार ते शनिवार बोलावलं तर येतात, पण कैलासवासी माणसाची थप्पड नियमात बसत नाही.

तेव्हा कार्यकारिणीने आराखड्याला अखेरचं शुद्धिपत्रक जोडलं. 'श्री. दीनानाथ ओगले' या जागी आता 'कोणीही एक जिवंत वाचक' असे वाचावे. अटी फार नाहीत. तो वाचनालयाचा सभासद नसावा, आणि सुरुवात केलेलं शेवटपर्यंत वाचणारा असावा. असा माणूस पेठेत तरी सापडत नाही, म्हणून शोध बाहेर चालू होता.

आपण इथवर वाचलंत. आपलं नाव घातलं आहे. उद्या सकाळी आठला मिस्ड कॉल द्या, मिसळ आजपासून बंद, आणि गडाचा विचारही मनात आणू नका. फळ्यावर कादंबरीताईंनी 'वाचक : चालू' असं लिहून ठेवलंय. यातून सुटायचं असेल तर तसं त्यांना सांगा. त्या 'स' दाबतील.